आपोआप थांबलेलं रक्त : इचलकरंजीतल्या एका प्रोसेस कामगाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णाला इथे तात्या म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरचा, क्रम आणि माझ्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत. मी इचलकरंजीत पंचवीस-एक वर्षं दवाखाना चालवतोय आणि तात्यांचं घर पहिल्या दिवसापासून माझ्याकडे येतं.

प्रकरण सुरू झालं तेव्हा तात्या ६२ वर्षांचे होते. सतराव्या वर्षी ते 'प्रोसेस'मध्ये लागले. मागावरून उतरलेलं कोरं कापड जिथे धुतात, रंगवतात, त्या कारखान्याला आमच्याकडे नुसतं प्रोसेस म्हणतात. पंचवीस वर्षं त्यांनी जिगरवर काढली. रंगाच्या हौदातून दोन रुळांमध्ये कापड मागे-पुढे फिरवणारं यंत्र म्हणजे जिगर. रंगाची भुकटी बादलीत हातानेच कालवायची. हातमोजे, तोंडाला फडकं वगैरे लाड नव्हते. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, सांगायच्या की सुट्टी होऊन आल्यावर तात्या नाक शिंकरायचे तेव्हा त्या दिवशी कुठला रंग चालला होता ते रुमालावर कळायचं. शिवाय दिवसाला पंधरा-वीस बिड्या. काम सुटल्यावर थोरल्या मुलाच्या हाताखाली देखरेख. मुलगा गवंडीकामाची कंत्राटं घेतो. गुरुवारी भजनी मंडळात पखवाज.

दहा वर्षांपूर्वी एक मुतखडा पडून गेला होता. ही नोंद माझ्या कागदावर ठळक होती. प्रोसेसची नव्हती.

तक्रार, आणि माझ्याकडून गेलेले आठ महिने

फेब्रुवारी २०२२ मध्ये तात्या सकाळीच आले. "डॉक्टर, लगवी लाल झालीया. पण दुखत काय न्हाई, बरं का." मी खड्याची नोंद पाहिली, लघवी तपासली, त्यात लाल पेशी भरपूर निघाल्या. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि पाणी भरपूर प्या म्हणालो. आक्कांनी कुळथाचं पाणी आणि पानफुटी सुरू केली. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. गोळ्यांनी गुण आला असं मी समजलो, कुळथाने आला असं आक्का समजल्या. खरं तर दोन्हींचा काही संबंध नव्हता. मूत्राशयातल्या गाठीचं रक्त असंच येतं नि असंच थांबतं, कधी आठवड्याने परत दिसतं, कधी पाच महिन्यांनी.

'दुखत नाही' हे तात्यांनी मला धीर द्यायला सांगितलं होतं आणि मीही ते तसंच घेतलं. खडा सरकला तर माणूस गडाबडा लोळतो. जंतुसंसर्ग असला तर आग होते, सारखं जावं लागतं. साठीच्या बिडी ओढणाऱ्या माणसाला न दुखता लाल लघवी होते, तेव्हा दुखत नाही हीच काळजीची खूण असते. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

जूनमध्ये परत तेच. या वेळी सोनोग्राफी करून घेतली. प्रोस्टेट किंचित वाढलेलं, मूत्रपिंडं ठीक, खडा नाही. मी प्रोस्टेटची गोळी लिहून दिली. त्या रिपोर्टात एक ओळ होती, 'मूत्राशय अर्धवट भरलेला'. ती मी नीट वाचली ती ऑक्टोबरात. मूत्राशय तट्ट भरलेला नसला तर त्याच्या आतल्या अस्तराला घड्या पडलेल्या असतात आणि गाठ त्या घडीत लपते. तात्या घाईने लघवी करून आत गेले होते. थांबायला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये रात्री अकराला थोरल्याचा फोन आला. लघवी पूर्ण अडली होती. गुठळ्या अडकल्या होत्या. रुग्णालयात जाड नळी घालून, सलाइनने रात्रभर मूत्राशय धुऊन काढावा लागला. सकाळच्या सोनोग्राफीत डाव्या भिंतीवर तीन सेंटिमीटरची फुलकोबीसारखी गाठ दिसली.

निदान

कोल्हापूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी तात्यांना दोनच प्रश्न विचारले. पहिला बिडीचा. दुसरा, "काम काय करत होता?" प्रोसेस म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं.

रंगाचा आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा संबंध जुना आहे. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन नावाच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या होत्या. पुढे दोषी ठरली ती बेंझिडीन, बीटा-नॅप्थिलअमाइन यांसारखी रसायनं. ती श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातात, मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन् तास मूत्राशयात साचून राहतात. अस्तर त्यात भिजत राहतं. बिडी-सिगारेटच्या धुरातही याच कुळातली रसायनं असतात. परिणाम दिसायला वीस-तीस वर्षं जातात, तोवर कारखानाही बदललेला असतो आणि मालकही. आपल्याकडे बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर बंदी आली ती १९९०च्या दशकात. तात्या जिगरवर चढले १९७७ मध्ये.

कमरेखाली भूल देऊन दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. बायोप्सीचा रिपोर्ट आला: कॅन्सर आक्रमक जातीचा, 'हाय ग्रेड', अस्तराखालच्या थरात शिरलेला, म्हणजे टी-१, आणि शेवटी, 'नमुन्यात स्नायू आढळला नाही'.

पहिला निर्णय : परत दुर्बीण, की थेट बीसीजी?

या शेवटच्या ओळीवर सगळं अडलं होतं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये गाठ किती मोठी यापेक्षा ती किती खोल गेली हे जास्त महत्त्वाचं. साधारण चारपैकी तीन रुग्णांमध्ये निदानाच्या वेळी ती स्नायूपर्यंत पोचलेली नसते. तेवढ्यावर असेल तर दुर्बिणीतून काढायची, मूत्राशयात औषध सोडायचं आणि ठरलेल्या मुदतीने दुर्बिणीने बघत राहायचं. स्नायूत शिरली की उपचाराची वाटच बदलते. आणि आमच्या नमुन्यात स्नायूच नव्हता. म्हणजे गाठ तिथवर गेली नाही असं नव्हे, आम्ही तिथवर पाहिलंच नव्हतं.

घरच्यांना हे पटेना. "एकदा काढलंय न्हवं? मग परत कशाला चिरायचं?" थोरला जरा चिडूनच बोलला. त्यांच्या एका नातेवाइकाला बीसीजीने बरं वाटलं होतं, तेच इथे सुरू करावं असा त्यांचा आग्रह. आग्रह अगदीच वेडा नव्हता. बीसीजी म्हणजे बाळांना क्षयासाठी देतात तीच लस, पण कितीतरी पट मात्रेत, नळीने थेट मूत्राशयात सोडायची. आठवड्याला एक अशी सहा आठवडे, प्रत्येक वेळी दोन तास धरून ठेवायची. तिने चेतवलेली प्रतिकारशक्ती अस्तरातल्या कॅन्सरच्या पेशी मारते. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आपल्याकडे तिची औषधं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनतात. वरवरच्या, आक्रमक कॅन्सरसाठी आजही तिच्यावरच मुख्य भिस्त असते. पण ती अस्तरापुरतीच. स्नायूत शिरलेल्या कॅन्सरला तिचा उपयोग नाही; त्यात निव्वळ दिवस जातात.

शेवटी मी थोरल्याला त्याच्याच धंद्यातलं विचारलं. "भिंतीला ओल आलीय. तू गिलावा खरवडलास. आतली वीट भिजलीय का हे न बघता नवा गिलावा मारशील?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वीट टोकरून बघायला पायजे." दुसऱ्या दुर्बिणीची तारीख त्यानेच घेतली.

पाच आठवड्यांनी परत खरवडलं, या वेळी मुद्दाम खोलपर्यंत. रिपोर्टात स्नायू होता आणि त्यात कॅन्सर होता. टी-२. शिवाय आजूबाजूच्या अस्तरात दोन ठिकाणी सपाट, न उगवलेला कॅन्सर. हा प्रकार सोनोग्राफीत दिसत नाही, साध्या दुर्बिणीतूनही नुसता लालसर डाग वाटतो.

दुसरा निर्णय : मूत्राशय ठेवायचा की काढायचा?

छाती आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये कॅन्सर बाहेर गेल्याची खूण नव्हती. मूत्रपिंडं फुगलेली नव्हती. म्हणजे बरं करण्याच्या हेतूने उपचार करता येणार होते, आणि त्यासाठी दोन वाटा होत्या.

एक, आधी केमो आणि मग मूत्राशय काढणं. पुरुषांमध्ये त्याबरोबर प्रोस्टेट आणि आजूबाजूच्या लसीकाग्रंथीही काढतात. आधी केमो का, तर डोळ्यांना न दिसणारे कण शरीरात फिरत असले तर ते मारायला. नुसत्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण त्याने साधारण शेकड्यामागे पाचने वाढतं. दुसरी वाट मूत्राशय राखण्याची: दुर्बिणीतून निघेल तेवढी गाठ काढायची आणि मग काही आठवडे किरणोपचार, सोबत केमो. निवडक रुग्णांत ही वाट चांगली ठरते. गाठ एकच हवी, मूत्रपिंड अडलेलं नसावं, मूत्राशय धड काम करत असावा आणि सपाट कॅन्सर पसरलेला नसावा. पुढे आयुष्यभर दुर्बिणीच्या फेऱ्या, आणि परत उगवलाच तर तेव्हा मूत्राशय काढायचा.

तात्यांचा ओढा अर्थातच दुसऱ्या वाटेकडे होता, आणि गाठीच्या हिशेबाने ते त्यात बसतही होते. मोडता घातला त्या दोन सपाट डागांनी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घेतलं, तिथेही काढण्याकडेच कल पडला. तिसरी वाट एका पाहुण्याने आणलेली, पुड्यांची. आक्कांनी त्या पुड्या देवापाशी ठेवल्या आणि तिथेच राहू दिल्या. बाई शहाण्या.

पण आक्कांच्याच बाबतीत आमची एक मोठी गफलत झाली. मूत्राशयाला आपण सगळे 'लघवीची पिशवी' म्हणतो. ऑक्टोबरपासून नळी लागली की तात्यांच्या कडेला जी लटकायची, तीही लघवीची पिशवी. तज्ज्ञ म्हणाले, "पिशवी काढायची ठरलंय." आक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई, लई अवघडल्यागत होतंय त्यास्नी." खोलीत आम्ही चौघे होतो आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. आठ दिवसांनी केमोच्या पहिल्या फेरीला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पिशवी काढल्यावर मग ऑपरेशन कशाचं?" तेव्हा मी कागदावर चित्र काढलं. तेव्हापासून मी आतला तो मूत्राशय आणि बाहेरची ती पिशवी असं कटाक्षाने वेगळं बोलतो, रुग्णाला शब्द जड वाटला तरी.

केमोच्या आधीचा अडसर

सिस्प्लॅटिन हे या केमोतलं मुख्य औषध, आणि ते मूत्रपिंडावर जातं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन. तात्यांचं १.३ होतं, म्हणजे मूत्रपिंडाची क्षमता सिस्प्लॅटिनसाठी जिथे रेघ ओढतात तिच्या जेमतेम वर. त्याऐवजी कार्बोप्लॅटिन देता येईल का, असं घरच्यांनी विचारलं. पण शस्त्रक्रियेआधीच्या केमोत ते सिस्प्लॅटिनच्या तोडीचं मानत नाहीत.

इथे मला माझं काम दिसलं. तात्या गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक ही मूत्रपिंडावर ताण आणणारी वेदनाशामक गोळी घेत होते, मेडिकलमधून परस्पर, दोन-दोन वर्षं. ती बंद केली, गुडघ्याला शेक आणि पॅरासिटामॉल. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.१ वर आलं. या सगळ्या प्रकरणात मी केलेली ही एकमेव वेळेवरची गोष्ट असावी.

बिडी त्यांनी सोडली ती गुठळ्यांच्या रात्रीच. महिन्याभराने कळलं की मशेरी धरली होती. तीही सोडायला लावली.

केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि शस्त्रक्रिया बसली. तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता मर्यादा पाच लाखांची आहे. जाणं-येणं, तपासण्यांतला काही भाग आणि पुढच्या पिशव्या हा खर्च घरचा झाला.

तिसरा निर्णय : लघवी कुठून बाहेर काढायची?

चार फेऱ्या मार्च २०२३ अखेर संपल्या. मूत्राशय गेल्यावर लघवीला वाट करून द्यायची दोन प्रकारे. लहान आतड्याचा साधारण पन्नास-साठ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन आतच नवा मूत्राशय शिवायचा. बाहेर काही लटकत नाही, पण लघवीची जाणीव होत नाही. घड्याळ लावून, पोटावर जोर देऊन ती करावी लागते. रात्री गळती होऊ शकते आणि काहींना स्वतःच नळी घालावी लागते. दुसरा प्रकार साधा: पंधरा-एक सेंटिमीटर आतडं घेऊन त्याचं एक तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची. शस्त्रक्रिया आटोपशीर, गुंतागुंत कमी.

तात्यांनी दुसरा निवडला. त्यांचं म्हणणं, "मला घड्याळ जमत न्हाई." आम्हाला वाटलं निर्णय झाला. खरा निर्णय शिल्लक होता, तो भोक नेमकं कुठे पाडायचं याचा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिथल्या स्टोमा नर्सने (पोटावरच्या अशा भोकाला स्टोमा म्हणतात) तात्यांना उभं केलं, बसवलं, वाकवलं, लेंग्याची नाडी कुठे बांधता ते पाहिलं, घडी पडते ती जागा टाळून पेनने फुली मारली. मग तिने विचारलं, "दिवसभर काय करता?" तात्या म्हणाले, पखवाज. तिने पलंगावरची उशी गुंडाळी करून दिली आणि मांडी घालून बसायला लावलं. तात्यांनी उशी मांडीवर आडवी घेतली, दोन्ही हातांनी एक ठेका धरला, आणि उशीची कड बरोबर फुलीवर येऊन टेकली. तिने फुली पुसली आणि चार बोटं वर दुसरी मारली.

पाच मिनिटांचं काम. मला ते सुचलं नसतं, आणि शल्यचिकित्सकांना सुचलं असतं का, याचीही शंका आहे.

पुढे काय झालं

एप्रिल २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवसापासून आतडी बसली, पोट फुगलं, उलट्या. नाकातून नळी घालून आठवडाभर थांबावं लागलं. या शस्त्रक्रियेत हे बऱ्याचदा होतं, पण घरी आधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे थोरला दोन रात्री आता काही खरं नाही या समजुतीने कॉरिडॉरमध्ये बसून होता. अंतिम रिपोर्टात स्नायूतला कॅन्सर केमोने गेलेला, अस्तरात थोडा उरलेला, काढलेल्या सगळ्या ग्रंथी स्वच्छ.

घरी आल्यावर आक्का पिशवीत दोरे-दोरे दिसतात म्हणून घाबरल्या. तो आतड्याचा चिकट स्राव असतो. आतडं आपलं जुनं काम सोडत नाही. शेजारच्या कोणीतरी त्याला पू म्हटलं आणि तात्या दुसरीकडून अँटिबायोटिक घेऊन आले. अशा पिशवीतली लघवी तपासली तर जंतू बहुतेक वेळा सापडतातच. ताप, थंडी, कुशीत दुखणं असेल तरच औषध द्यायचं. तसा खरा ताप एकदा आला, सप्टेंबरात, आणि पाच दिवस भरती व्हावं लागलं.

अडीच वर्षं झाली. स्कॅन ठरलेल्या मुदतीने होतात, स्वच्छ आहेत. क्रिएटिनिन आणि बी-१२ मी इथेच बघतो. आतड्याचा शेवटचा भाग कमी झाला की बी-१२ हळूहळू उतरू शकतं. पिशवी तात्या स्वतः बदलतात, चार दिवसांनी, सकाळी चहाच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी सुटते. गुरुवारी पखवाज चालू आहे.

आज असा रुग्ण आला तर

पहिल्याच वेळी पाठवीन. लघवी संसर्गाची आहे असं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगत नसेल तर अँटिबायोटिकच्या आड लपणार नाही, आणि रक्त थांबलं म्हणून तपासणी थांबवणार नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून आलं असेल, हीही सबब नाही. गोळी रक्त वाढवते, गाठ मात्र आधीपासून असू शकते. सोनोग्राफीला पाठवताना 'मूत्राशय भरलेला असताना' हे चिठ्ठीवर लिहीन, आणि ती स्वच्छ आली तरी दुर्बीण करून घ्या म्हणेन. ते आठ महिने मिळाले असते तर गाठ अस्तरातच सापडली असती का, हे सांगता येत नाही. सापडली असती तर बीसीजीवर भागलं असतं, एवढं मात्र वाटतं.

दुसरं राहिलं ते बोलायचं. या शस्त्रक्रियेनंतर नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो, नसा दुखावल्या की ताठरता जाते. तज्ज्ञांनी संमतीपत्रात लिहिलं होतं. मोठ्याने कोणीच म्हणालं नाही. साठी उलटलेल्या माणसाला काय सांगायचं, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं. तात्यांनी वर्षभराने, भलत्याच विषयात, एका वाक्यात ते मला ऐकवलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरं, कामाची चौकशी. नव्या कागदावर आता 'बिडी' शेजारी 'खातं' असा रकाना आहे: जिगर, प्रिंटिंग, रंगाचं गोडाऊन, सायझिंग, माग. तात्यांच्या खात्यातल्या सात-आठ जणांना मी निरोप धाडला होता की लघवीत रंग दिसला तर न दुखलं तरी या. सगळ्यांची सरसकट तपासणी करण्यात अर्थ नाही, तशी शिफारसही नाही. दोघे फिरकले. एकाला काहीच नव्हतं. दुसरा मागच्या पावसाळ्यात लाल लघवी बाटलीत भरून घेऊन आला, तात्यांनीच पिटाळला होता. त्याच आठवड्यात दुर्बीण झाली. खडा निघाला.